बिनतोटीचा नळ

आपल्या छत्रपती संभाजीनगरात कुणालाही वार विचारा, तो आधी पाण्याचा वार सांगेल. "आज मंगळवार, म्हणजे पाण्याला अजून तीन दिवस." पाहुण्यांना बोलावणं, गोधड्या धुणं, डोक्यावरून न्हाणं, सगळं त्या एका दिवसाच्या मागंपुढं. आठवड्यातून एकदा तासभर पाणी येणार, आणि ते दिवसाच्या कोणत्या प्रहरी येईल ते फक्त पाणी सोडणाऱ्या लाईनमनला ठाऊक.

सिडकोतल्या त्या बारा घरांच्या गल्लीला मात्र पूर्वी याची काळजी नव्हती. गल्लीच्या तोंडाशी रईसाआपा राहायच्या. लाईनमनची सायकल कोपऱ्यावर वळताना दिसली की आपा ओट्यावर यायच्या, स्टीलच्या ताटावर उलथनं आपटायच्या आणि हाळी द्यायच्या, "पानी आयाऽऽ! उठो गे बायांनो, नळ खोलो!" जेवणारी माणसं खरकट्या हातानं उठायची. कुणी गावाला गेलेलं असलं तर आपा स्वतः जाऊन त्यांचा नळ सोडायच्या. चार घरांच्या फाटकांच्या किल्ल्या त्यांच्या दारामागच्या खिळ्याला असत. हे किती वर्षं चाललं होतं? ज्यांनी ती हाळी लहानपणी ऐकली, त्यांची मुलं आता कॉलेजात जातात.

मग गल्लीत डबी आली.

ती आणली करुणाताईंनी. करुणाताई निवृत्त शिक्षिका, गल्लीत सगळ्यांत शिकलेल्या, म्हणून गल्लीचं पुढारपण त्यांच्याकडंच. त्यांचा मुलगा बुद्धभूषण पुण्याला नोकरीला. आईची धावपळ वाचावी म्हणून त्यानं दोन वर्षांपूर्वी एक पांढरी डबी आणून नळाला बसवली. पाणी आलं की डबीला कळायचं. ती इंटरनेटवरून कंपनीच्या कुठल्याशा दूरच्या संगणकाला विचारायची, तिकडून होकार आला की आतला पडदा उघडायचा आणि पाणी हौदात पडायचं. हौद भरला की पुन्हा बंद. वर मोबाइलवर निरोप, 'पाणी आले.'

करुणाताई हरखल्या. घरोघरी जाऊन त्यांनी डबीचे गुण सांगितले. महिन्याभरात अकरा घरांच्या नळांना डब्या लागल्या. फकिरा मिस्त्रीनं जुन्या पितळी तोट्या काढल्या तेव्हा विचारलं, "बाई, या ठिवायच्या का?"

"कशाला? दे भंगारात."

एकट्या रईसाआपा राहिल्या. "टीचरबाई, मेरेकू नको. माझे हात अजून शाबूत आहेत."

"बरं आपा," करुणाताई हसून म्हणाल्या, "पण आता ते ताट तेवढं वाजवू नका. सगळ्यांना मोबाइलवर कळतंच. उगीच लोकांची झोपमोड."

दुसऱ्या दिवशी चारही घरांच्या किल्ल्या आपांनी रुमालात बांधून करुणाताईंच्या हातात आणून ठेवल्या.

दोन वर्षं डबीनं चोख काम केलं, हे नाकारता येणार नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातली दुपार होती, चार वाजत आले होते. करुणाताई सासूबाईंच्या उशाशी बसल्या होत्या. मनकर्णाबाई अठ्ठ्याऐंशीच्या. खुबा मोडल्यापासून पलंगावर, आणि पडून पडून पाठीला जखम झालेली. डॉक्टरांनी बजावलं होतं, दिवसातून दोनदा स्वच्छ पाण्यानं अंग पुसा, चादर रोज बदला, जखम चिघळली तर या वयात आवरायची नाही. हौद तळाला गेला होता. मोरीत तीन दिवसांच्या चादरी साठल्या होत्या. आज पाण्याचा दिवस, म्हणून करुणाताई निश्चिंत होत्या.

नळाच्या पाइपात आधी हवा फुसफुसली, मग गुळगुळ झाली, मग सूंऽ असा ओळखीचा आवाज आला.

"करुणे, पानी आलं गं," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"आलंय आत्या."

"मंग हौदात पडल्याचा आवाज का यीना?"

करुणाताई फाटकाशी गेल्या. डबीवर तांबडा दिवा लुकलुकत होता. पाइपाला हात लावला, तर आतलं पाणी तळव्याला जाणवलं. गार, जोरकस. डबीपर्यंत आलेलं, आणि पुढं नाही! त्यांनी मोबाइल काढून कंपनीचं पान उघडलं. तिथं फुलांच्या चित्राखाली चार ओळी होत्या. 'प्रिय ग्राहक, आम्ही या उत्पादनाची सेवा एकतीस मार्चपासून थांबवली आहे. इतकी वर्षं दाखवलेल्या प्रेमाबद्दल आभार.'

त्यांनी कंपनीचा नंबर लावला. एका गोड आवाजाच्या बाईनं सांगितलं की हा क्रमांक अस्तित्वात नाही. मग मुलाला लावला.

"आई, त्यांनी सर्व्हरच बंद केलाय गं," बुद्धभूषणचा आवाज उतरला होता. "जानेवारीत मेल आला होता म्हणे, शंभर जाहिरातींत राहून गेला माझ्याकडून. डबी बिघडलेली नाहीये. पण तिला 'उघड' म्हणणारं तिकडं कुणी राहिलं नाही."

"मग तू म्हण."

"माझं ऐकत नाही ती. फक्त कंपनीचंच ऐकते."

"अरे पण डबी आपली ना? आपण विकत घेतली ना?"

"तू आधी मिस्त्रीला फोन लाव," एवढंच तो म्हणाला.

फकिरा मिस्त्री पाचोडला पाहुण्यांकडं गेला होता. तो फोनवर ओरडला, "बाई, पाना लावू नका! जोर लई असतो पान्याला. डबी निघाली तर समदं पानी रस्त्यावर जाईल, आवरायचं नाय तुमाला. पानी बंद असल्यावरच खोलाया येतं ते."

"आणि पाणी बंद झाल्यावर खोलून काय करू, फकिरा?"

"ते बी खरंच हाय," फकिरा म्हणाला.

तोवर गल्लीतली माणसं आपापल्या फाटकांशी येऊन उभी राहिली होती. अकरा घरं, अकरा तांबडे दिवे. जो तो मोबाइल बंद करून पुन्हा चालू करत होता. कुणी डबीवर चापट मारत होतं, जसं जुन्या रेडिओवर मारायचे. शेजारची मंजुषा बँकेतून अर्धा दिवस लवकर आली होती, धुणं काढायला. ती म्हणाली, "काकू, तुम्ही घरी येऊन समजावलं म्हणून आम्ही तोटी काढली हं. माझे सासरे नको नको म्हणत होते."

करुणाताई घरात परतल्या आणि पलंगाच्या काठावर बसल्या. पाइपाचा आवाज खिडकीतून येतच होता.

"काय झालं?" मनकर्णाबाईंनी विचारलं. सुनेनं जमेल तसं सांगितलं. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि छताकडं बघत बोलू लागली.

"म्या धा वर्साची असंन. आमच्या खेड्यात एकच हीर. आमी बाया लांब हुब्या ऱ्हायचो, रिकामी घागर घिऊन. वरच्या आळीची कुणी आली, तिला दया आली, तर ती वरून वतायची. पानी डोळ्यापुढं, पर हात लावायचा नाय. उन्हात दीड दीड तास हुबं ऱ्हायचं, माय."

"आत्या, ते वेगळं होतं. तो जातीचा अन्याय. ही मशीन आहे."

"येगळं हाय, मला ठावं हाय. पर हुबं ऱ्हानं तेच हाय ना? अगं, तवा वतणारीचं तोंड तरी दिसायचं. 'वाढ गं माय' म्हनता यायचं. मनातल्या मनात शिवी बी देता यायची! तुझ्या डबीवाल्याचं तोंड कुटं हाय? त्याला काय म्हनू, अन कोन्या भाषेत म्हनू?" म्हातारीला धाप लागली, पण ती थांबली नाही. "बाबासायबांनी आमाला पान्याला हात लावाया शिकवलं. अन तू येवढी शिकलेली बाई, आपल्या हातानं तोटी काढून दिलीस व्हय?"

केवढं खरं बोलल्या आत्या! डबी वाईट नव्हती. पण तोटी काढून टाकायला कुणी सांगितलं होतं? सोयीच्या भरात करुणाताईंनी नळ दिला, आणि नळाबरोबर हक्कही दिला, ज्याला कधी पाहिलं नाही अशा माणसाच्या हातात. आणि तोटीइतकीच मोलाची दुसरी एक गोष्ट त्यांनी भंगारात काढली होती. ती आठवताच त्या उठल्या, स्वयंपाकघरातला हंडा उचलला आणि अनवाणीच गल्लीच्या तोंडाकडं धावल्या.

रईसाआपांचा हौद काठोकाठ भरला होता. त्या पितळी तोटी बंद करायला वाकल्या होत्या.

"आपा, थांबा! बंद करू नका!"

आपांनी वर पाहिलं. करुणाताईंच्या हातातला हंडा पाहिला, त्यांच्या मागोमाग आलेली गल्ली पाहिली. "या अल्ला! कुनाच्याच नळाला नाय?"

"नाही आपा. डब्या बंद पडल्या."

आपांनी कपाळावर हात मारला. "लाईनमन आला तवाच मी ताट हातात घेतलं होतं, टीचरबाई. मग वाटलं, नको. तुम्ही बोल्या होत्या ना. सगळ्यांना मोबाइलवर कळतं बोल्या होत्या. ठेवून दिलं परत."

करुणाताईंनी हंडा खाली ठेवला. "चुकले मी, आपा."

"वो सब बाद में. आधी पाइप लावा. पैला हंडा आईच्या पाठीला, मग बाकीच्यांना."

आपांच्या नळाला लावलेली रबरी नळी रस्त्यावर आली. अकरा घरांचे हंडे, बादल्या, कुकर, पातेली रांगेत लागली. पण पाणी सरत आलं होतं. नऊ-दहा मिनिटांत धार बोटाएवढी झाली, मग दोऱ्याएवढी, मग नळीनं हवा सोडली. घरटी दोन हंडे कसेबसे मिळाले. तांबडे दिवे लुकलुकतच होते.

पुढचे सात दिवस गल्लीनं कसे काढले ते विचारू नका. आपांचा एक हौद बारा घरांना किती पुरणार? मंजुषाच्या सासऱ्यांनी चार दिवस आंघोळ केली नाही. मनकर्णाबाईंची जखम वाढली, दवाखान्यात न्यावं लागलं, आणि म्हातारी फार हाल सोसून परत आली. तिच्या जखमेची जबाबदारी कुणाची, हे विचारायला करुणाताईंनी पुढं कंपनीला तीन पत्रं लिहिली. तिन्ही परत आली. ग्राहक मंचाकडं अर्ज केला, तिथं पुढची तारीख मिळाली आहे.

फकिरानं अकराही डब्या काढल्या आणि नव्या पितळी तोट्या बसवल्या. काढलेली एक डबी करुणाताईंनी वीज लावून पाहिली. तिचा दिवा लागला! धडधाकट डबी, विचारत होती, उघडू का, उघडू का? उत्तर द्यायला कुणी नव्हतं.

वाचकहो, नवी वस्तू जरूर घ्या. पण दुकानात दोन प्रश्न विचारल्याशिवाय पिशवी उचलू नका. तुमची कंपनी उद्या गेली तर ही वस्तू माझ्या हातानं चालेल का? आणि आधीच सूचना द्यायची झाली, तर ती मला कळेल अशा भाषेत, मला दिसेल अशा जागी देणार का? हे लिहून मागा, दहा जणांनी मिळून मागा. एकट्याचं कुणी ऐकत नाही, हे करुणाताई आता सगळ्यांना सांगतात. आणि काही झालं तरी, हाताची तोटी आणि शेजाऱ्याची हाळी भंगारात देऊ नका. करुणाताईंच्या घरात इंटरनेटला जोडलेलं अजून एक घड्याळ आहे, दारावरचा कॅमेरा आहे, दिवाणखान्यातला पंखा आहे. त्यांतलं काय कुणाच्या होकारावर चालतं, ते त्यांनाही नीटसं ठाऊक नाही.

आठवड्यानं, पुढच्या पाण्याच्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, ताटावर उलथनं वाजलं. "पानी आयाऽऽ! नळ खोलो!"

चार घरांच्या किल्ल्या पुन्हा आपांच्या खिळ्याला लागल्या होत्या.

"मला भाईर ने," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"आत्या, पाठ दुखेल."

"दुखू दे."

करुणाताईंनी आणि मंजुषानं त्यांना खुर्चीवर बसवून फाटकाशी आणलं. पाइपात सूंऽ आवाज येत होता. म्हातारीनं हात पुढं केला, तोटी पकडली. एकदा जमलं नाही. सुनेनं मदतीला हात पुढं केला, तसा तिनं तो बाजूला सारला आणि दोन्ही हातांनी तोटी फिरवली.