लाल दिवसाचा गहू

लग्न होऊन मंचरला आले तेव्हापासून माझं पोट हा घरातल्या सगळ्यांचा विषय. जेवले की फुगायचं, कळा यायच्या, खाल्लेलं अंगाला लागायचं नाही. ज्याने त्याने उपाय सांगितला. हिंग-ओवा झाला, कळंबच्या वैद्यांचा काढा झाला, महागडी पावडर झाली, पवनमुक्तासन झालं. सासूबाई म्हणायच्या, "चेतनाचं सगळं मनाचं आहे." आणि पचायला हलका म्हणून तूप लावलेला गरम फुलका वाढायच्या. माहेरी बोरी बुद्रुकला बाजरीची भाकरी खाऊन वाढले, तेव्हा हे मन कुठं गेलं होतं कोण जाणे.

यंदा मी चैत्राची ओळी केली. आम्हा जैनांत ओळीचं व्रत म्हणजे दिवसातून एकदाच, तेल, तूप, दूध, साखर काही न घालता उकडलेलं जेवायचं. मी एका धान्याची ओळी धरली. व्रताच्या नऊही दिवसांना रंग ठरलेला; ज्या दिवसाचा जो रंग, त्याच रंगाचं धान्य. पांढऱ्या दिवशी तांदूळ, लाल दिवशी गहू, मग पिवळा हरभरा, हिरवे मूग, काळे उडीद आणि शेवटी परत तांदूळ.

"हरभरा-उडदानं मरशील," असं सगळे म्हणाले. हरभरा पचला. उडीद पचले. मेले ती लाल दिवशी. नुसता उकडलेला गहू, मिरची नाही की मसाला नाही, आणि मी गुडघे पोटाशी घेऊन पडलेली. पुढच्या दिवसांत मात्र एकही कळ नाही.

मग विपुलला, माझ्या नवऱ्याला, गाडी काढायला लावली. डॉक्टरांनी रक्त तपासलं, दुर्बीण घालून आतडं बघितलं आणि सांगितलं, गव्हाने आतड्याला इजा होतेय, गहू कायमचा बंद.

"गहू कुणाला बाधतो का?" सासूबाई म्हणाल्या. "तपाचं पुण्य म्हणून बरं वाटतंय. पारण्याला माझ्या हातची लापशी खा, राहिलेलंही जाईल."

मला लई राग आला. सहा वर्षं कळा मी सोसल्या आणि श्रेय पुण्याला.

पारण्याला घर पाहुण्यांनी भरलं. मला पाटावर बसवून ओवाळलं. सासूबाईंनी गव्हाच्या लापशीचा घास माझ्या तोंडाशी आणला. पारण्याचा घास नाकारणारी सून आमच्या नात्यात कुणी पाहिली नव्हती. विपुल चपलांच्या ढिगाकडे बघत बसला. मी सासूबाईंचं मनगट धरलं.

"मम्मी, आपली कांदा-बटाट्याची आडत. ट्रक भरून माल जातो. घरात एक कांदा येतो का?"

"आपल्यात चालत नाही."

"आपण नाही म्हटलं की लोक मान देतात. मी गहू नाही म्हटलं तर नखरे कसे?"

"कांदा खाणं पाप आहे. गहू नाही."

"पापाने पुढचा जन्म बिघडतो, मम्मी. या घासाने माझा हाच बिघडतोय."

कुणीतरी "काय बाई जीभ" असं पुटपुटलं. पुटपुटू दे. मी उठले, स्वयंपाकघरातून मुगाच्या पाण्याचा पेला भरून आणला आणि सगळ्यांसमोर तोंडाशी नेला.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "पारणं उभ्यानं करायचं नसतं. बस."

"आधी ती वाटी उचला."

मी पेला खाली ठेवला नाही. मग त्यांनी लापशीची वाटी विपुलच्या हातात दिली आणि माझ्या हातातला पेला मागितला.

मी पाटावर बसले. पहिला घोट त्यांनीच पाजला.