चढवलेली माती

चंदनबालाबाईच्या जिभेला जन्मात कांदा लागला नव्हता, आणि हे ज्याला ठाऊक नाही असा माणूस कृष्णाकाठच्या त्या गावात शोधून सापडला नसता. बटाटा नाही, मुळा नाही, रताळं नाही. जमिनीच्या पोटात वाढलेलं काही म्हणजे काही नाही. कुणाच्या लग्नात जेवायला बसायची वेळ आली, तर ती आधी आचाऱ्याला बोलावून घ्यायची आणि त्याचे हात हुंगायची. आचारीही बापडे मुकाट्यानं हात पुढे करायचे. बाई नेमाची पक्की होती, त्यात वाद नाही. पण नेम पाळणं वेगळं आणि त्याच नेमानं दुसऱ्याला सोलून काढणं वेगळं. ह्या बाईला दोन्ही छान जमत होतं.

तिची सून त्रिशला मिरजेची. त्रिशलाचे वडील, तात्या, तिथल्या एका दवाखान्यातल्या परदेशी डॉक्टर-नर्सांसाठी त्यांच्या देशातल्या भाज्या पिकवायचे. मडम बी आणून द्यायच्या आणि तात्या ते आपल्या मातीत रुजवून दाखवायचे. त्रिशला त्या वाफ्यांतच वाढली. लग्नात तिच्या ट्रंकेत लुगड्यांच्या घडीखाली बियांच्या पुड्या होत्या. सासरी आल्यावर घरामागच्या परड्यात, मोरीचं पाणी जाई त्या ओलीला, तिनं सेलरी लावली, पार्सली लावली, सॅलडची पानं लावली.

"ह्येचं नाव काय?" सासूनं विचारलं.

"पार्सली, आत्याबाई."

"कुणी ठेवलं ह्ये नाव? मडमेनं? आमच्या घरात अजाण पाला शिजत न्हाई."

ज्याची ओळख नाही ते पान, ते फळ तोंडात घालायचं नाही, हा नेम जैनाच्या घरात असतोच. त्रिशलाचा नवरा भूपाल आईपुढं मांजर. तो चोरून दोन पानं खायचा, छान लागतात म्हणायचा, आणि आईची चाहूल लागली की तोंड पुसून बाहेर पडायचा. एवढं होतं तरी वाफे टिकून होते. त्या घरात त्रिशलाचं स्वतःचं म्हणावं असं दुसरं होतं तरी काय?

दुष्काळाच्या त्या वर्षी तात्यांनी अंथरूण धरलं. त्यांचा मळा वाळून गेला होता. अन्न पोटात ठरेना. मिरजेहून निरोप आला, तात्या सेलरीचं कढवलेलं पाणी मागतायत, तेवढंच जाईल म्हणतायत. न्हाणीचं पाणी तांब्या-तांब्यानं घालून त्रिशलानं सेलरीचा वाफा जगवलाच होता. सकाळच्या एसटीनं निघायचं म्हणून ती विळा घेऊन परड्यात गेली, तर वाफा उघडा. दावणीला म्हैस उभी, तोंडात शेवटचा हिरवा देठ.

चंदनबालाबाई हौदाशी हात धूत होती. "बापाला मरतानाबी अजाण चारायला निघालीस व्हय? पापातनं वाचिवलं म्हण मी त्याला."

त्रिशला रिकाम्या हातानं मिरजेला गेली. तात्यांनी आधी तिच्या हातांकडं बघितलं, मग तोंडाकडं. त्यानंतर त्यांनी काही मागितलं नाही आणि तसेच उपाशी गेले.

दिवस करून ती परत आली ती गप्पच. भांडली नाही, रडली नाही. गाव म्हणालं, गुणाची सून. गावाला काय, न बोलणारी सून दिसली की झालं.

दुष्काळ सरला. पुढच्या थंडीत तिनं ट्रंकेतली उरलेली एकच पुडी उघडली. इटलीची बडीशेप होती ती. पानं आपल्या बडीशेपेसारखी, वासही तोच. पण हिच्या बुडाशी देठ फुगतात आणि मुठीएवढा गड्डा धरतो. तो धरतो जमिनीच्या वर. मात्र तो पांढरा आणि कोवळा राहावा म्हणून त्याच्याभोवती हातानं माती चढवत जायची, गड्डा पार झाकून टाकायचा. तात्यांनीच हे शिकवलं होतं.

म्हातारीनं पान चुरगळून हुंगलं आणि तिचा चेहरा उजळला. "ही बडीशेप हाय की. ही चालती." तिला पोटात वारा धरायचा त्रास होता, त्यामुळं बडीशेप म्हणजे तिचा जीव की प्राण. त्रिशलानं गड्डा चिरून मुगाच्या डाळीत शिजवला आणि ताटात वाढला.

"काय गं ह्ये?"

"बडीशेपेचा देठ, आत्याबाई."

खोटं काहीच नव्हतं त्यात. म्हातारीनं चाटूनपुसून खाल्लं, दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितलं. बस्तीत, गावातल्या जैन मंदिरात, दर्शनाला आलेल्या बायांपाशी सुनेच्या हाताची चव सांगायला लागली. त्रिशलाला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं. एवढ्यावर सगळं मिटलंही असतं. पण शेजारच्या अंजनानं एकदा विचारलं, हे पिकवायला कुठं शिकली तुमची सून? चंदनबालाबाई हसत म्हणाली, "बापाकडं. त्येला तेवढंच येत हुतं. मडमांची चाकरी."

त्रिशला आत पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं, आणि मग पुन्हा सुरू झालं.

पौषात गावात मुनिमहाराज यायचे होते. त्यांच्यापुढं सगळ्या समाजादेखत व्रती व्हायचं, उरलेलं आयुष्य व्रतात काढायचं, हे चंदनबालाबाईचं तरुणपणापासूनचं स्वप्न. नवं पांढरं लुगडं आलं, पाहुण्यांना सांगावे गेले. आदल्या दिवशी त्रिशला म्हणाली, "आत्याबाई, जरा परड्यात येता?"

म्हातारी आली. त्रिशला वाफ्यात बसली, मातीत मनगटापर्यंत हात घातला आणि एक गड्डा उपटून वर काढला. पांढराफेक, पाकळीवर पाकळी, थेट कांद्यासारखा. बुडाला मुळं लोंबत होती.

"ही तुमची भाजी. रोज खाताय ती."

"ही... मातीत हुती?"

"तुमच्या डोळ्यांदेखत तर काढली."

दुसऱ्या दिवशी चंदनबालाबाई बस्तीत गेलीच नाही. महाराजांपुढं चूक सांगितली असती तर त्यांनी प्रायश्चित्त दिलं असतं आणि प्रकरण संपलं असतं. पण ते सांगायचं म्हणजे चारचौघांत सांगायचं, आणि आचाऱ्यांचे हात हुंगणाऱ्या बाईनं ते कुठल्या तोंडानं सांगावं? अंगात ताप आहे म्हणून तिनं निरोप धाडला, महाराज पुढच्या गावाला गेले, आणि तिनं जेवण सोडलं. भूपालनं पाय धरले, रडला. ती कारणही सांगेना. गावात बोलबाला झाला की चंदनबालाबाईनं अन्नत्याग केला. लोक दर्शनाला लोटले. जो येई तो पायावर डोकं ठेवी, आणि म्हातारी मेल्याहून मेल्यासारखी होऊन पाय ओढून घेई. त्रिशला आल्यागेल्याला पाणी देत सगळं बघत होती.

एका दुपारी घरात कुणी नसताना म्हातारीनं तिला जवळ बोलावलं. आवाज पार खोल गेला होता. शेजारी भूपालनं ठेवलेली मुगाच्या पाण्याची वाटी होती.

"पोरी, माझ्या आईच्या दारात बडीशेप हुती. तिला गड्डा मी कवा बघितला न्हाई. ह्यो तुझा गड्डा जमिनीच्या वर धरतो का खाली? लावलीस तू, तुलाच ठावं. तू म्हनशील ते मी मानीन. वर म्हनालीस तर ही वाटी आत्ता पिती."

त्रिशलाच्या ओठांवर खरं आलं होतं. तिनं फक्त एक विचारलं.

"तात्यांसाठी ठेवलेली सेलरी तुमी म्हशीला घातली. त्येचं काय वाटतंय तुमास्नी आता?"

म्हातारीनं कपाळाला आठ्या घातल्या. आठवायचा खरोखर प्रयत्न केला तिनं. ती सोंग करत नव्हती, हे त्रिशलाला स्वच्छ दिसत होतं.

"कसली सेलरी गं?"

"खाली," त्रिशला म्हणाली. "गड्डा खालीच धरतो, आत्याबाई."

चंदनबालाबाईनं मान हलवली आणि भिंतीकडं कूस बदलली. त्यानंतर तिनं पाण्याचा थेंबही घेतला नाही. त्रिशलानं वाटी उचलली, मुगाचं पाणी मोरीत ओतलं आणि दिवस मावळायच्या आत भूपालचं जेवण व्हावं म्हणून चूल पेटवली. आपल्याला हे सोसवणार नाही, असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. त्या दिवशी ती भूपालच्या बरोबरीनं पोटभर जेवली.