काशीचा हात

जवळ सरका, मंडळी, आणि आधी हा हात बघा — सात वर्षांच्या काशीचा, तैलरंगातला, अंगठ्याशी अजून ओला — मग त्याची गोष्ट सांगते. हात कुत्रीच्या पाठीवर आहे. केसर तिचं नाव. तिच्या पाठीला जसा बाक, तसाच या हाताला... अर्धं राहिलेलं चित्र पुरं करताना मी, नीराबाई, सकाळपासून तेवढंच बघत होते. कुत्री पुसली, तर हा हात ठेवायचा कशावर?

काशीचे वडील बाळाजीशेठ, नागावातल्या मोठ्या नारळवाडीचे मालक, उंबऱ्यातच उभे होते.

"पोरीला जाऊन वर्ष भरतंय, बाई. कीर्तन ठेवलंय. चित्र बुवांच्या मागं लावायचं. तिथं ती कुत्री नको."

"मग काय काढू?"

"तुळस काढा. काय पण काढा! तिच्यापायीच गेली पोर माझी."

ते खरंच होतं. भरतीच्या पाण्यात केसर वाहायला लागली, आणि काशी तिच्यामागे खाडीत उतरली... कुत्री परतली.

पण काशी चित्रासाठी माझ्यासमोर बसायची ती केसरवर हात ठेवूनच — एरवी क्षणभर स्थिर नाही — मी अभंग गुणगुणायचे, पोर भलत्याच जागी टाळी द्यायची, कुत्री जांभई... 'विलायतेची राणी जाऊन तीस वर्षं झाली, अजून तिच्या काळातली मुलं नि कुत्रीच काढता?' मुंबईचे चित्रकार हसतात. हसोत. मिशनच्या शाळेत ज्या मडमेनं मला कुंचला धरायला शिकवला, तिनंही जन्मभर हेच काढलं. तुळशीपाशी हात जोडलेली शहाणी मुलगी काढायची, तर ती कुणाचीही होईल. काशी नाही. देवालासुद्धा ओळखू यायची नाही!

"नाही जमायचं, शेठ."

"दुसरा चितारी आणीन."

"आणा. त्याला सांगा, आधी हात तोडावा लागेल."

इतका वेळ चित्र टाळणारी शेठची नजर आता त्या बोटांवर थांबली, आणि त्यांचा स्वतःचा हात धोतराशी नुसता उघडमीट करत राहिला... मग ते गेले.

उद्या न्यायला येतील की फाडायला, कोण जाणे. मी कुंचले धूत बसले — आता जिंकल्यासारखं वाटेल, म्हणून. वाटेना. मघाशी राग होता तिथे काहीतरी जड येऊन बसलं होतं, आणि ते हलेना... कुत्री मी पुसणार नाही. आजही नाही, उद्याही नाही. पण मंडळी, बुवा नामघोष करतील तेव्हा पोरीसाठी सगळेच हात जोडतील. तुम्ही एवढं करा — हात जोडताना त्या बापाचीही आठवण ठेवा.