कुलूप कोणी लावलं

चाळीस वर्षांपूर्वी थिएटरला आग लागली आणि मागच्या दारापाशी एकतीस माणसं मेली. दाराला कुलूप होतं की दारच तापून जाम झालं होतं, हे चौकशीतही कळलं नाही. लेखिकाबाई त्यावर कादंबरी लिहायला बसल्या आणि नेमक्या तिथेच अडल्या. तारीख, वार, गेलेल्यांची वयं, सगळं खरं गोळा केलेलं. पण कुलूप लावायला हात नव्हता. मग तो त्यांनी दिला. लहानपणी त्याच थिएटरात पाहिलेल्या, डावा पाय ओढत चालणाऱ्या डोअरकीपरचा. फुकट्यांना अडवायला त्याने कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि चहाला गेला. नाव बदललं, पाय तेवढा राहिला.

पुस्तक धडाधड खपलं. चौथ्या महिन्यात आत्याचा फोन आला. आत्या त्या आगीतून वाचलेली.

"बरं झालं लिहिलंस. मी पाहिलं होतं ना त्याला किल्ली फिरवताना."

बाईंनी जुनी वही उघडली. "आत्या, धुरात काही दिसत नव्हतं असं तूच म्हणालीस. माझ्या वहीत आहे."

"तेव्हा आठवलं नव्हतं. आता लख्ख आठवतंय."

"अगं, ते मी मनाने रचलंय!"

आत्या हळूच म्हणाली, "तुला कोणी धमकावलंय का गं?"

बाईंनी पेपरात खुलासा दिला. लोकांनीही तोच अर्थ काढला. डोअरकीपरच्या दारावर कोणीतरी डांबराने एकतीस रेघा ओढल्या. दूधवाला यायचा बंद झाला.

शेवटी बाई त्याच्या घरी गेल्या. त्याच्या मुलीने दार उघडलं, बाईंना ओळखलं आणि ती बाजूला झाली. म्हातारा खिडकीपाशी पुस्तक घेऊन बसला होता. पानापानांत खुणेच्या चिठ्ठ्या.

"काका, माफी मागायला आलेय. हे खोटं आहे."

"खोटं कसं? कोटाला आतून खिसा होताच की माझ्या."

"तो अंदाज होता, काका."

"त्या दिवशी डोक्यात वासा पडला. चाळीस वर्षं काही म्हणता काही आठवेना. आता तुमच्यामुळे सगळं दिसतं." तो पुढे झुकला. "एवढंच सांगा बाई, मी किल्ली फिरवली तेव्हा आतून कोणी दार वाजवत होतं का?"

बाईंनी जीव तोडून समजावलं. तो मान हलवत राहिला, हट्टी पोरीपुढे हलवावी तशी.

सोमवारी तो पाय ओढत पोलीस ठाण्यात गेला आणि जबानी देऊन बसला. फौजदाराने बाईंना बोलावून कागद पुढे केला. चहा, खिसा, किल्ली, शब्द न् शब्द त्यांचाच. खाली मात्र दोन ओळी निराळ्या होत्या. दाराखालच्या फटीतून एका लहान मुलीची बोटं बाहेर आली होती, आणि ती त्याला 'मामा, मामा' म्हणून हाका मारत होती.

"हे तुमच्या पुस्तकात कुठल्या पानावर आहे?" फौजदाराने विचारलं.

"कुठल्याच नाही." बाई म्हणाल्या.

"म्हणजे खरं असणार," फौजदार म्हणाला, आणि त्याने शिक्का उचलला.