तीन पायांचा बदाम

मी बदाम बोलतोय. हे नाव मला रंगावरून मिळालं. भाजलेल्या बदामासारखा माझा रंग, आता तोंडाभोवती पांढरा झालाय. जात विचाराल तर गावठी. पाय विचाराल तर तीन.

चाकणच्या एका कंपनीच्या मागच्या अंगाला माल ठेवायची लाकडी पॅलेट रचून ठेवलेली असतात, त्यांच्याखाली मी जन्मलो. कँटीनमधल्या उरल्यासुरल्या चपात्यांवर आई आम्हाला वाढवत होती. एक दिवस ती रस्ता ओलांडून गेली ती परत आली नाही. भावंडांना कुणी कुणी उचलून नेलं. मला भाग्यश्रीने नेलं. ती त्याच कंपनीत क्वालिटीला, म्हणजे माल तपासायला होती. शिफ्ट सुटल्यावर तिने मला डब्याच्या पिशवीत घातलं आणि कंपनीच्या बसमध्ये मांडीवर घेऊन बसली. मी कुंईकुंई करायला लागलो तसं ड्रायव्हरने आरशातून पाहिलं आणि गाण्याचा आवाज वाढवला.

रहाटणीतल्या तिच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात तिघं राहायची. भाग्यश्री, तिची आई केसरबाई आणि वडील ज्ञानदेव. ज्ञानदेव पिंपरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. "हे कशाला आणलंस गं?" असं केसरबाई म्हणत होत्या, तोवर ज्ञानदेवांनी बशीत दूध ओतून माझ्यापुढे ठेवलंही होतं. त्या दिवसापासून मी त्यांचा झालो. सकाळ-संध्याकाळ आम्ही दोघं फिरायला जायचो. चहाच्या टपरीवर ते दोन बिस्किटं घ्यायचे, एक त्यांचं आणि एक माझं. साखरेचं कारण सांगून केसरबाईंनी त्यांचं बिस्किट बंद केलं, तेव्हाही माझं चालूच राहिलं.

मग ज्ञानदेवांच्या घशात काहीतरी निघालं. ते सारखे दवाखान्यात जायचे आणि परत यायचे ते एक वेगळाच वास घेऊन. औषधाचा, पण साध्या औषधाचा नव्हे. तो घामातून यायचा, उशीला लागायचा, वाटीतल्या पेजेलाही लागायचा. मी त्यांच्या पलंगाखाली पडून राहायचो. त्यांचा आवाज गेला. शेवटी एकदा त्यांना खाली नेलं, आणि त्यानंतर घरात फक्त त्यांचा फोटो आला. तो बुद्धमूर्तीच्या शेजारी ठेवला.

केसरबाईंनी औषधांचा सगळा डबा कचऱ्यात रिकामा केला. त्यानंतर त्या दवाखान्याची पायरी चढल्या नाहीत. स्वतःच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यासुद्धा भाग्यश्रीने आणून द्यायच्या. माझ्याशी त्या फारशा बोलत नसत, पण माझं ताट कधी चुकलं नाही.

काही वर्षं अशी गेली. मग माझा पुढचा डावा पाय दुखायला लागला.

आधी वाटलं, जिन्यात मुरगळला असेल. केसरबाईंनी हळद आणि तुरटीचा लेप लावला. चार दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा लंगडणं सुरू. मनगटाच्या वर एक गाठ यायला लागली, कडक. तिला हात लावला की मी ओरडायचो, आणि एकदा तर भाग्यश्रीच्या हातावर दात टेकवले. चावलो नाही, पण दात टेकवले. तिने हात मागे घेतला आणि माझ्याकडे बघतच राहिली. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून ती मला प्राण्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली.

तिथल्या डॉक्टर श्रद्धा बारीक अंगाच्या, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी पायाचा फोटो काढला, गाठीत सुई घालून काहीतरी काढून तपासायला पाठवलं. उत्तर आलं तेव्हा त्या भाग्यश्रीच्या शेजारी येऊन बसल्या.

"हाडाचा कॅन्सर आहे," त्या म्हणाल्या. "हा पाय वाचत नाही. ठेवला तर हाड आतून पोखरत जाईल आणि एक दिवस साध्या चालण्यात मोडेल. पाय काढला तर दुखणं थांबेल. त्यानंतर सलाइनमधून औषध द्यायचं, दर तीन आठवड्यांनी."

"बरा होईल?"

"खोटं नाही सांगणार. आज छातीचा फोटो स्वच्छ आहे, पण हा आजार बहुतेक वेळा पुढे फुप्फुसात जातोच. औषधाने थोडा काळ मिळतो, चांगला काळ. माणसाला आपण वर्षं मिळावीत म्हणून खूप सोसायला लावतो. याच्यासाठी डोस तेवढा जड ठेवत नाही. याचा आजचा दिवस बरा गेला पाहिजे."

घरी येऊन भाग्यश्रीने हे सगळं आईला सांगितलं. केसरबाई तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही.

"न्हाई करायचं," त्या म्हणाल्या.

"आई, त्याला रोज दुखतंय."

"मग एकदाचं झोपव त्याला. पण ते सलाइन, त्या वांत्या, ते केस गळणं... पुन्हा ह्या घरात नको. तुझ्या बाबांनी शेवटी माझा पदर धरला होता. बोलता येत नव्हतं. दाराकडं बोट दाखवत होते, घरी चल म्हणून. आणि आपण काय केलं? डॉक्टर म्हणतात म्हणून ठेवून घेतलं त्यांना तिथंच. त्यांच्या मनात काय आहे ते विचारलं होतं का कुणी? ह्याला तर बोलताच येत नाही. ह्याचं तू परस्पर ठरवणार?"

"न करणं हेसुद्धा परस्परच ठरवणं आहे ना?"

केसरबाईंनी सूप बाजूला ठेवलं. पुढे दोघी कितीतरी बोलल्या, जुनं, माझ्याशी संबंध नसलेलं. बाबांना कुणी मुंबईला न्यायचं म्हटलं होतं, कुणी नको म्हटलं होतं. मी दोघींच्या मध्ये पडून होतो आणि मला वाटत होतं की हा फोटोतला माणूसच पुन्हा आजारी पडलाय.

भाग्यश्रीने ऑपरेशन ठरवलं, आणि त्याच्या आदल्या दिवशी केसरबाई पिशवी भरून दापोडीला भावाकडे निघून गेल्या. जाताना माझ्याकडे पाहिलं नाही.

मी जागा झालो तेव्हा पाय नव्हता. खांद्यापासून खाली नुसती पट्टी. तुम्हाला नवल वाटेल, पण मला आधी जाणवलं ते हे, की ते दुखणं नाही. जखमेचं दुखत होतं, पण आत कुरतडणारं ते जुनं दुखणं गेलं होतं. पायाचं दुःख नंतर झालं, उभं राहायला गेलो आणि तोंडावर पडलो तेव्हा. भाग्यश्री छातीखालून जुना टॉवेल घालून मला धरायची, आणि आम्ही दोघं हॉलमधून बाल्कनीपर्यंत जायचो. ती रडत नसे. मात्र मी झोपलोय असं समजून बाथरूमचा नळ सोडून बसायची.

सुट्ट्या संपल्या. तिला कामावर जावंच लागलं. सकाळी मला भरवून, फरशीवर गोधड्या अंथरून ती जायची. चाकणच्या रस्त्याला बस अडकली की यायला अंधार व्हायचा. खालच्या मजल्यावरच्या इंदुताईंकडे किल्ली होती. त्या दुपारी एकदा पाणी ठेवून जायच्या, पण मनातून त्यांना हे पटत नव्हतं. "कशाला हाल करतेस त्याचे? एक इंजेक्शन दे आणि मोकळं कर," हे त्या भाग्यश्रीला माझ्यासमोरच म्हणाल्या होत्या.

मग पहिलं औषध चढवलं. आणि तो वास आला. ज्ञानदेवांच्या उशीचा वास, आता माझ्या स्वतःच्या अंगाला. मला खरी भीती वाटली ती त्या दिवशी. मी पलंगाखाली जाऊन पडलो. ते गेले तसेच आपणही जाणार, एवढंच मला कळत होतं.

पहिले काही दिवस ठीक गेले. त्यानंतर एका दुपारी मला उठवेना. पाण्यासाठी सरकत गेलो आणि स्वयंपाकघराच्या ओल्या फरशीवर घसरलो. कातडी आतून जळत होती. उलटी झाली, तिच्यातच मी पडून राहिलो.

दारात किल्ली फिरली. इंदुताईंच्या चपलांचा वास नव्हता. केसरबाई होत्या.

नंतर त्यांनी सांगितलं की चष्मा विसरला होता म्हणून आले. चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता.

त्या दारातच थबकल्या. त्यांनाही तो वास आला असणार. एक क्षण मला वाटलं, त्या मागे फिरतील. त्या खाली बसल्या, लुगड्याच्या पदराने माझं तोंड पुसलं आणि कानाला हात लावून म्हणाल्या, "आगं आई, किती तापलंय लेकरू."

भाग्यश्रीला फोन लावला, लागला नाही. कंपनीत लाइनवर काम करताना फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. लिफ्ट बंद होती. त्यांनी जिन्यात जाऊन हाक मारली, "इंदू, वर ये." इंदुताई आल्या, मला पाहिलं आणि चादरीचं एक टोक धरलं. दोन म्हाताऱ्या बाया, मध्ये चादरीच्या झोळीत मी, असे आम्ही जिना उतरलो. इंदुताईंचा गुडघा दर पायरीला कटकट वाजत होता.

रिक्षावाल्याने मान हलवली. "कुत्रं नाही घेत, मावशी. सीट घाण होते."

"माझं पेशंट आहे ते," केसरबाई म्हणाल्या. "सीट मी धुऊन देईन. चल."

तो निघाला.

दवाखान्याच्या पायरीशी त्या पुन्हा थांबल्या. इंदुताई म्हणाल्या, "तू इथंच बस, मी नेते आत." केसरबाईंनी झोळीचं टोक सोडलं नाही.

डॉक्टर श्रद्धांनी रक्त तपासलं. औषधाने पांढऱ्या पेशी घसरल्या होत्या, ताप त्यामुळे होता. मला सलाइन लावलं. केसरबाई स्टुलावर बसून होत्या, एक हात माझ्या मानेवर. तो हात मला सलाइनच्या नळीपेक्षा जास्त जाणवत होता.

"हा घरी कधी येईल?" त्यांनी विचारलं.

"ताप उतरला की संध्याकाळी न्या. रात्र इथे काढायची गरज नाही. इंजेक्शनला रोज आणावं लागेल."

केसरबाईंनी पुन्हा विचारलं, "म्हणजे आजच? आजच नेऊ शकते मी?"

"हो, आजच."

त्या पदर तोंडाला लावून बसल्या. डॉक्टरांना काय झालं ते कळलं नाही. मला कळलं.

शिफ्ट सुटल्यावर इंदुताईंचा निरोप मिळाला आणि भाग्यश्री धावतपळत आली तेव्हा तिला आई दवाखान्यात दिसली. ती दारातच उभी राहिली. "तू कशी आलीस इथं?" तिने विचारलं. "रिक्षाने," केसरबाई म्हणाल्या. एवढंच.

त्या दिवसापासून दापोडीची पिशवी परत कपाटात गेली. आमच्या घराला नवं वळण लागलं. माझं शी-शू उचलताना हातमोजे, कारण औषध त्यातून बाहेर पडतं. मळलेल्या गोधड्या वेगळ्या धुवायच्या. मी दहीभात सोडला की उकडलेलं अंडं, अंडं सोडलं की चिकनचं पाणी. "खा रं बदाम्या, नाटकं नको करू," असं म्हणत केसरबाई बोटाने भरवायच्या. पुढचे डोस डॉक्टरांनी हलके केले. मळमळ व्हायची, दोन दिवस मी भिंतीकडे तोंड करून पडायचो, तिसऱ्या दिवशी दाराशी जायचो. ज्ञानदेवांसारखे माझे केस गळले नाहीत, फक्त मिशा गळल्या. त्यावर दोघी हसल्या. त्या घरात कितीतरी दिवसांनी मी हसणं ऐकलं.

तीन पायांनी चालणं जमलं, मग धावणंही. वळताना अजून तोल जातो. गल्लीतले लोक थांबून बघतात, "च्च च्च" करतात. केसरबाईंना ते आवडत नाही. एकाला त्या म्हणाल्या, "तुमच्यापेक्षा जोरात पळतो, भाऊ." शेवटचं औषध झालं तेव्हा छातीचा फोटो स्वच्छ होता. पूर्ण पावसाळा आणि हिवाळा मला बिनदुखण्याचा मिळाला. तो मी वाया घालवला नाही.

आता खोकला सुरू झालाय.

गेल्या आठवड्यात फोटो काढला. डॉक्टर श्रद्धांनी तो उजेडात धरून दोघींना पांढरे ठिपके दाखवले. घरी आल्यावर भाग्यश्री म्हणाली, "दुसरं एक औषध आहे म्हणतात." केसरबाईंनी या वेळी "न्हाई" म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, "तू सांग, तुला काय वाटतं?" भाग्यश्री बराच वेळ माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "आता नको गं आई." आणि त्यानंतर रडली, नळ न सोडता, आईच्या मांडीवर डोकं ठेवून. आता सलाइन नाही, फक्त दुखू नये आणि श्वास सोपा जावा म्हणून गोळ्या. फार त्रास व्हायला लागला तर डॉक्टर घरी येणार आहेत. दवाखान्यात न्यायचं नाही, असं दोघींचं ठरलंय.

रात्री आता दोघी हॉलमध्ये खालीच गाद्या घालतात, कारण मला पलंगावर चढता येत नाही. मी मध्ये असतो. केसरबाई ज्ञानदेवांचं काहीबाही सांगतात, कारखान्यातलं, लग्नातलं. भाग्यश्रीने यातलं पुष्कळ कधी ऐकलेलंच नव्हतं.

मला एकच मागायचंय. मी गेल्यावर या दोघींनी आपापसात हिशोब मांडत बसू नये. लवकर का नाही नेलं, कापाकापी का केली, दुसरं औषध का नाही दिलं. तुमच्याही घरी असं कुणी पडून असेल, तर तुम्हालाही माझं हेच सांगणं आहे. मी त्या दोघींच्या हातात होतो आणि ते हात मला ओळखीचे होते. आजारी जिवाला बाकीचं फारसं आठवत नाही.

स्वयंपाकघरातून केसरबाई हाक मारतायत. कलेजी शिजल्याचा वास येतोय, भातात कालवली असणार. मला हल्ली उठायला वेळ लागतो, म्हणून बोलणं इथेच थांबवतो.