लिंबाला अडलेली वायपरची मोटर

मित्रांनो, मला बघून नाक मुरडू नका. मी एक जुनी वायपरची मोटर आहे, अंगावर गंज आहे आणि आता तर आतून जळलेय. तरीही मुलुंडच्या एका पॉलिटेक्निकमधल्या छोट्या खोलीत मला वरच्या फळीवर मानाने ठेवलंय. उगाच नाही ठेवलेलं!

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. शुद्धीवर आले ती काशीरामच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत. काच पुसायची, एवढंच माझं काम. एकदा घाटकोपरला वाऱ्याने एक भिजलेलं बॅनर सुटलं आणि थेट काचेवर येऊन बसलं. वायपर अडला. मी जोर लावला, आणखी लावला, तर अंग असं तापलं की वाटलं, संपलं सगळं. काशीरामने झटकन बटण बंद केलं म्हणून वाचले. मोकळी फिरणारी मोटर करंट थोडाच घेते, पण अडलेली मोटर हावऱ्यासारखी ओढत सुटते. हे मी तेव्हा अंगावर सोसून शिकले.

पुढे टॅक्सी भंगारात गेली. काशीरामने मला तेवढं काढून घरी नेलं आणि माळ्यावर एका डब्यात ठेवून दिलं. खरं सांगते, फार वाईट वाटायचं. कुणी हाक मारत नाही, कुणी हलवत नाही.

मग एक दिवस त्याच्या मुलीने, दर्शनाने, तो डबा उघडला. ती आणि तिचा वर्गमित्र निलेश पॉलिटेक्निकच्या याच खोलीत लढणारा रोबोट बनवत होते. पवईला स्पर्धा होती. सरांनी बजावलं होतं, "पहिल्या लढतीत तीन मिनिटं टिकलात तर ही खोली तुमची. नाहीतर रिकामी करा, दुसरी टीम थांबलीय." दर्शनाचा त्या खोलीत जीव अडकला होता. घरी एका खोलीत चार माणसं, तिथे ड्रिल आणि सोल्डरिंग कोण करू देणार?

"ही कसली मोटर आणलीस यार?" निलेश मला बघून म्हणाला. "ड्रोनच्या मोटरी घेऊ ना. सुसाट पळेल."

"नुसतं पळून काय करायचंय? समोरच्याला ढकलायचंय. जोर हिच्यात आहे."

मी मनातल्या मनात फुशारले! कुर्ल्याच्या भंगार बाजारातून माझ्यासारखीच दुसरी आणली आणि डाव्या-उजव्या चाकांवर आम्हा दोघींना बसवलं.

आता हवे होते स्पीड कंट्रोलर. कंट्रोलर म्हणजे बॅटरी आणि मोटर यांच्यामधला नळच म्हणा. रिमोटची दांडी जितकी ढकलाल तितका करंट तो सोडतो. निलेशने रोबोट स्टुलावर ठेवला, चाकं हवेत फिरवली आणि मीटर बघितला. "तीन अँपिअर! दहाचा कंट्रोलर घेऊ. वजनाला हलका आणि वर तिप्पट मोठा. झकास!"

अरे बाबा, चाक हवेत आहे! रिंगणात कुणी भिंतीला दाबून धरलं तर काय करशील? मी जीव तोडून सांगत होते, पण मोटरचं कोण ऐकतं?

स्पर्धेला दोन दिवस उरले तेव्हा दर्शनाची आई, जानकी, पूजेचं ताट घेऊन खोलीत आली. तिने हळद-कुंकू लावलं आणि पुढच्या दोन्ही चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं. "नव्या गाडीखाली लिंबू ठेवूक नको? चल रे, चिरड बघू."

निलेशने दांडी ढकलली. माझ्या बाजूचं लिंबू चिरडलं नाही. ते घसरून चाक आणि पुढची पट्टी यांच्यामध्ये घट्ट रुतलं. माझं चाक जागच्या जागी थांबलं. मला घाटकोपरचं बॅनर आठवलं. सोड रे, सोड! पण निलेशने दांडी पूर्ण ढकलली. फट्ट आवाज झाला आणि कंट्रोलरमधून धूर निघाला.

"वाट लागली! काकू, तुमच्या लिंबाने वाट लावली!"

"आई, कशाला मध्ये आलीस गं?" दर्शनाही ओरडली. जानकीचा चेहरा पडला. ती गुपचूप ताट आवरू लागली. मला इतका राग आला त्या दोघांचा!

दर्शनाने चेंबलेलं लिंबू ओढून काढलं आणि हातात फिरवून बघितलं. मग म्हणाली, "निलेश, लिंबाने जाळला, तर परवा समोरचा काय करेल?"

निलेशने माझ्या चाकात लाकूड अडकवलं आणि क्षणभरच करंट दिला. मीटर तिसाच्या जवळ गेला. "मी अडवून बघितलंच नव्हतं," तो हळूच म्हणाला. दर्शना उठून आईच्या गळ्यात पडली.

दुसऱ्या दिवशी लॅमिंग्टन रोडवरून चाळीसचे कंट्रोलर आले. ते जड निघाले, म्हणून स्पर्धेच्या वजनमर्यादेत बसायला रोबोटचा वरचा पत्रा कापावा लागला. पाठ उघडी पडली. लढतीच्या दिवशी तशाच रिंगणात उतरलो.

मिनिटभरातच समोरच्या धिप्पाड रोबोटने आम्हाला भिंतीला चेपलं. चाकं थांबली, अंग तापायला लागलं.

"फुल दे! फुल!" निलेश ओरडला.

"नाही! अडलीय ती, जळेल." दर्शनाने दांडी सोडली. मी श्वास घेतला. समोरचा पुन्हा धडक द्यायला मागे सरकला आणि तेवढ्या फटीतून तिने आम्हाला बाहेर काढलं.

पण शेवटी त्याने आम्हाला कोपऱ्यात गाठलं. यावेळी तो मागे सरकेना. तो आम्हाला उलथवायला बघत होता. उलटे पडलो तर खेळ खलास! दर्शनाने ओठ चावून दांडी ढकलली. कंट्रोलर डगमगला नाही, मागेन तितका करंट देत राहिला. माझी तार जळत होती, वास येत होता. म्हटलं, जळू दे! मी ढकलत राहिले आणि वेळ संपल्याचा भोंगा वाजला.

आम्ही गुणांवर हरलो. पण तीन मिनिटं पायांवर उभे होतो. खोली राहिली.

आता नवी मोटर आली की निलेश स्वतः जानकीला बोलावतो. "काकू, लिंबू ठेवा ना. तुमच्या हाताने." चाक लिंबाने अडवून, मीटर बघूनच तो कंट्रोलर ठरवतो.

मित्रांनो, तुमच्या यंत्रांना जपा. हवेत चाक सगळ्यांचंच फिरतं. अडल्यावर किती लागतं ते आधी बघा आणि तेवढं देणारं कुणीतरी मागे उभं करा. माझ्या मागे होतं, म्हणून मी भोंगा वाजेपर्यंत ढकलू शकले.