हॉर्नची रिंग

कातळावरच्या मोकळ्या मैदानात जुन्या गाड्यांचे सुटे भाग ताडपत्र्यांवर मांडले होते, आणि मृणाली आपल्या ताडपत्रीच्या कडेला तान्ह्या लेकीला, ईशाला, मांडीवर घेऊन सानिकाचे दात बघत बसली होती. दात छान होते. हसताना सगळे दिसायचे, आणि मृणालीच्या नवऱ्याशी, हर्षदशी, बोलताना ती जरा जास्तच हसायची.

सानिका लांज्याची. बँकेत नोकरी, आणि वडिलांची जुनी फियाट स्वतः चालवायची. जुन्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर हर्षदशी तिची ओळख झाली, तेव्हापासून चहाच्याही आधी त्याच्या फोनवर कार्बोरेटरचे फोटो येऊन पडत. मृणालीने ते सगळे बघितले होते. एकाही फोटोत आक्षेप घ्यावा असं काही नव्हतं. भांडायला काहीच सापडू नये, याचाच तिला जास्त राग यायचा.

हर्षदच्या जुन्या पद्मिनी गाडीत आता स्टिअरिंगवरची हॉर्नची रिंग तेवढी कमी होती. आज मालगुंडहून येताना आरे-वारेच्या प्रत्येक वळणावर हॉर्नऐवजी मृणालीच खिडकीतून हात बाहेर काढून हलवत बसली होती.

सानिकाने पिशवीतून एक जुनी ओढणी काढली, तिची घडी उलगडली, आणि आत ती रिंग होती. चकचकीत, कुठे गंज नाही.

"घे. तुझ्यासाठीच बाजूला ठेवली होती."

"अगं! बदल्यात काय देऊ?"

"तुझ्याकडून काय घ्यायचं आता? राहू दे."

मृणालीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हा मेळा अदलाबदलीचा. पैसे चालत नाहीत, वस्तूला वस्तू. अख्ख्या मैदानात कुणी कुणाला साधा नट फुकट देत नव्हतं, आणि ही बाई ओढणीत गुंडाळून रिंग देते!

हर्षदने ती दोन्ही हातांनी घेतली. अशी काळजी त्याने ईशाला पहिल्यांदा उचलताना घेतली होती.

"मृणाली, ही तेवढी डिकीत ठेव हं. आलोच मी, हिच्या गाडीचा गिअर अडकतोय."

दोघं गेली. रिंग मृणालीच्या हातात राहिली. ताडपत्रीवर ठेवलेली वस्तू बदलायची, डिकीतली नाही, हा इथला नियम हर्षदनेच तिला सकाळी समजावला होता. डिकी चार पावलांवर होती. मृणालीने रिंग ताडपत्रीवर ठेवली, अगदी पुढे, उन्हात चमकेल अशी.

लगेच एक म्हातारे गृहस्थ थांबले. हरिश्चंद्रकाका, सगळे त्यांना नावाने ओळखत होते.

"ही द्यायचीय काय गो बाय?"

"मांडलीय म्हणजे द्यायचीच की."

"माझ्याकडे गाडीचा मागचा दिवा आहे. चालेल?"

"काहीही चालेल."

काकांनी हात पुढे केला. इथे हातात हात दिला की झालं. मृणालीने दिला.

हर्षद परतला तेव्हा त्याने आधी डिकी उघडली, मग ताडपत्री बघितली.

"रिंग?"

"गेली. हा दिवा आला."

तो ओरडला असता तर तिने चार वाक्यं तयारच ठेवली होती. तो खाली बसला.

"वर्षभर शोधत होतो गं. तुम्हा दोघींना घेऊन बिनहॉर्नची गाडी चालवायची भीती वाटते मला."

"मग ते तिलाच सांगायचं होतं?"

"तिलाच कुठे? अख्ख्या ग्रुपला सांगितलं होतं. मिळाली तिला."

मृणालीने दिवा त्याच्यापुढे सरकवला. मग म्हणाली, "जा ना, मागून आण."

"मला नाही मागता येत. ज्यानं हात दिला, त्यानंच सौदा मोडायचा. तेही काहीतरी वेगळं देऊन."

ती उठली. एका कडेवर ईशा, दुसऱ्या हातात दिवा. मग परत फिरून गाडीतून घावण्यांचा डबाही घेतला.

हरिश्चंद्रकाका झाडाखाली बसले होते. शेजारी त्यांच्या मिसेस, सावित्रीकाकू, पदराने वारा घेत होत्या.

"परत हवी? मग दिलीस कशाला?" काकांनी विचारलं.

खोटं बोलावंसं वाटलं, पण काही सुचलं नाही. "दुसऱ्या बाईनं दिली होती ती. माझ्या नवऱ्याला."

काकू खळखळून हसल्या. "द्या हो तिला! मला मुंबई दाखवायची म्हणून घेऊन गेलेत नि चोरबाजारातून इंजिन घेऊन आलेत. माझा जीव किती जळला होता ते मला माहीत. डब्यात काय गो?"

"घावणे. नि नारळाची चटणी."

"मग झालं तर. ह्यांना सकाळपासून भूक लागलीय, सांगत नाहीत एवढंच."

डबा गेला, दिवा गेला, रिंग परत हातात आली. येताना मृणालीने ती स्वतःच्या पदराने पुसली, दोनदा.

सानिका पद्मिनीपाशीच उभी होती. "अरे वा, मिळाली का मी दिलेली रिंग?"

"तुम्ही दिलेली गेली," मृणाली म्हणाली. "ही मी आणलीय. घावणे देऊन."

सानिका हसली. "शाब्बास वहिनी!" ते 'वहिनी'सुद्धा मृणालीला आवडलं नाही.

हर्षदने रिंग बसवली, स्क्रू आवळले, आणि पुढे जाऊन बॉनेट उघडलं. "आत बसून दाबा रे कुणीतरी. मी इथून ऐकतो."

सानिकाने सवयीने दाराला हात घातला. मृणाली तिच्या हाताखालून आत शिरली, ईशासकट, आणि स्टिअरिंगमागे बसून दार ओढून घेतलं.

"दाब!" हर्षद ओरडला.

तिने दाबलं. म्हशीच्या रेकण्यासारखा आवाज निघाला. ईशा दचकली, ओठ काढले, आणि मग रडायचं विसरून रिंगवर थापा मारू लागली. हर्षद बॉनेटच्या कडेने डोकं काढून हसत होता, काचेतून, सरळ आत बघत.

"पुरे गं, पुरे! वाजतोय!"

सानिका कानांवर हात ठेवून मागे सरली. मृणालीने अजून एकदा दाबलं.